जुनी मराठी पुस्तकं डिजिटल करताना फॉरमॅट कोणता निवडावा? खानदेशातल्या वाचनालयांचे नेहमीचे प्रश्न

धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत जुनी पुस्तकं डिजिटल करण्याची हौस आता गावोगाव दिसते. तालुक्याच्या वाचनालयात शिळाप्रेसवर छापलेली पोथी सापडते, शाळेच्या कपाटात बंद पडलेल्या साप्ताहिकाच्या फाइली निघतात, कुणाच्या माळ्यावर अहिराणी गाण्यांची पातळ पुस्तिका असते. मग कुणीतरी स्कॅनर आणतं, पानं टिपली जातात आणि सगळं एका पेनड्राइव्हमध्ये जमा होतं. ही मेहनत पंचवीस वर्षांनीही उघडता यावी, वाचता यावी आणि तिच्यात शोध घेता यावा, एवढ्यासाठी ही प्रश्नोत्तरं.

पुस्तक स्कॅन करून पीडीएफ केली की काम झालं ना?

अर्धं झालं. एका पुस्तकाच्या तीन गोष्टी जपायच्या असतात: पानाचं चित्र, पानावरचा मजकूर आणि वाचकाला द्यायची प्रत. या तिन्हींना एकच फाइल पुरत नाही. चित्रासाठी टिफ किंवा जेपेग २०००, मजकुरासाठी युनिकोडमधली (प्रत्येक लिपीतल्या अक्षराला ठरलेला संकेत देणाऱ्या जागतिक पद्धतीतली) साधी टेक्स्ट फाइल किंवा ईपब हे ई-पुस्तक, आणि वाचकासाठी पीडीएफ/ए ही जतनासाठीची पीडीएफ अशी वाटणी करा.

पूर्वी फोटो स्टुडिओवाला निगेटिव्ह स्वतःकडे ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला प्रिंट द्यायचा. पीडीएफ ही ती प्रिंट. ती हरवली तर मूळ चित्रांवरून दुसरी काढता येते. पण चित्रं पुसून फक्त दाबून लहान केलेली पीडीएफ ठेवली असेल, तर उद्या चांगलं ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारं सॉफ्टवेअर) मिळूनही उपयोग होत नाही. पान पुन्हा स्कॅन करावं लागतं, आणि तोवर ते पान हातात तुकडे व्हायच्या अवस्थेत असतं.

फॉरमॅट टिकाऊ आहे हे ओळखायचं कसं?

त्याची रचना जाहीर आहे का, हे आधी पाहा. फाइल आतून कशी बांधलेली आहे याचा दस्तऐवज कुणालाही वाचायला मिळत असेल, तर मूळ कंपनी बुडाली तरी दुसरं कुणी ती उघडणारं सॉफ्टवेअर लिहू शकतं. मग पाहा, वेगवेगळ्या लोकांनी बनवलेली निदान तीन-चार सॉफ्टवेअर ती आज उघडतात का. तिसरी गोष्ट कुलपाची. पासवर्ड असलेली फाइल संग्रहात घेऊच नका. तो ठरवणारा माणूस निवृत्त होतो आणि पासवर्ड त्याच्याबरोबर जातो.

टिफची सहावी आवृत्ती १९९२ची. तेव्हापासून तिचा गाभा बदललेला नाही आणि आजही जवळजवळ प्रत्येक चित्र-सॉफ्टवेअर ती उघडतं. पीडीएफ अडोबीने १९९३ मध्ये आणली, पण २००८ मध्ये ती आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं मानक झाली, म्हणजे एका कंपनीच्या मर्जीवर राहिली नाही. साधा टेक्स्ट तर सगळ्यांत चिवट. पुस्तकं टंकून खुली करणाऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गचं काम १९७१ मध्ये सुरू झालं तेव्हाची इंग्रजी टेक्स्ट फाइल आजच्या मोबाइलवरही उघडते.

पानं मांडायच्या पेजमेकर या अडोबीच्या सॉफ्टवेअरचं उलट झालं. एके काळी आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक डीटीपीवाला त्यावर काम करायचा. २००१ मध्ये सातवी आवृत्ती आली, तीच शेवटची. त्याच कंपनीच्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्याही पेजमेकरच्या फाइली उघडत नाहीत.

टिफ फार जागा खातं. जेपेग का नको?

जेपेग फाइल लहान करताना चित्रातला काही तपशील कायमचा टाकून देतं, आणि फाइल बदलून पुन्हा साठवली की पुन्हा टाकतं. वाचकप्रतीला ते चालतं, मूळ प्रतीला नाही.

जागेचा हिशेब करून पाहा. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके) रंगीत स्कॅन केलं तर सुमारे साडेबावीस एमबी होतं. २०० पानांचं पुस्तक साडेचार जीबी. एक टीबीच्या डिस्कवर अशी दोनशेहून जास्त पुस्तकं मावतात, तीही न दाबता. करड्या छटांत स्कॅन केलं तर जागा एक तृतीयांश लागते. टिफला एलझेडडब्ल्यू पद्धतीने तपशील न गमावता दाबता येतं. त्या पद्धतीवरचं पेटंट अमेरिकेत २००३ मध्ये आणि इतरत्र २००४ मध्ये संपलं, त्यामुळे कायद्याची अडचण उरलेली नाही. ज्यांचा संग्रह हजारोंच्या घरात आहे त्यांनी जेपेग २०००च्या तपशील न गमावणाऱ्या प्रकाराचा विचार करावा. इंटरनेट अर्काइव्हसारखे मोठे संग्रह पानांसाठी जेपेग २००० वापरतात. पण ते उघडणारी सॉफ्टवेअर टिफपेक्षा कमी आहेत. क वर्गाच्या, ड वर्गाच्या छोट्या वाचनालयाला मी टिफच सुचवेन.

पूर्वी केलेलं काम फक्त जेपेगमध्ये असेल तर ते जेपेगच ठेवा. त्याचं टिफ केल्याने गेलेला तपशील परत येत नाही, फाइल मात्र फुगते.

काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं तर अक्षर स्वच्छ दिसतं. मग रंगीत कशाला?

पिवळ्या पडलेल्या मराठी पानाशी हा व्यवहार धोक्याचा आहे. शुद्ध काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये यंत्र प्रत्येक ठिपक्याला एकच प्रश्न विचारतं: तू शाई की कागद? खिळे झिजलेले, शाई पुसट, कागद तपकिरी, अशा पानावर पहिला बळी अनुस्वाराचा जातो. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची मराठी अनुस्वारांनी भरलेली आहे: ‘नाहीं’, ‘केलें’, ‘त्यांत’. ते टिंब गेलं की पाठ बदलतो, आणि बदलला हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण बाकीचं अक्षर सुबक दिसत असतं. उलट कागदावरचा डाग किंवा कसरीचं बारीक भोक अनुस्वार होऊन बसतं. रंगीत चित्रात डाग तपकिरी आणि शाई काळी दिसते, म्हणून फरक करता येतो. वाचनालयाचा जांभळा शिक्का, दाखल क्रमांक, कुणी पेन्सिलीने केलेल्या खुणा हाही त्या प्रतीचा इतिहासच, आणि तो रंगातच टिकतो.

याहून वाईट गोष्ट दाबण्याच्या एका पद्धतीत आहे. जेबिग२ ही पद्धत पानावरची सारखी दिसणारी अक्षरं शोधते, त्यांचा एकच नमुना साठवते आणि सगळीकडे तोच चिकटवते. तिचा तपशील गमावणारा प्रकार वापरला तर ‘जवळजवळ सारखी’ अक्षरंही एकच धरली जातात. २०१३ मध्ये जर्मनीतल्या डेव्हिड क्रीसेल या संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६च्या जागी ८ येत होता. कागद स्पष्ट, आकडा खणखणीत आणि चुकीचा. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व किती जवळ आहेत ते आपल्याला ठाऊकच आहे. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये ‘सर्वांत लहान फाइल’ किंवा ‘हाय कॉम्प्रेशन’ असा पर्याय दिसला की त्याच्या वाटेला जाऊ नका.

पीडीएफ आणि पीडीएफ/ए यांत फरक काय? कोणती आवृत्ती घ्यावी?

पीडीएफ/ए ही जतनासाठी बांधून घातलेली पीडीएफ. फॉन्ट फाइलच्या आतच असला पाहिजे, पासवर्ड चालत नाही, बाहेरच्या कशावर अवलंबून राहायचं नाही. पहिला भाग २००५ मध्ये आला. त्यात जेपेग २००० चालत नाही. २०११च्या दुसऱ्या भागात ते चालतं. पुस्तकांसाठी दुसरा भाग पुरेसा आहे. २०१२चा तिसरा भाग कुठलीही फाइल पोटात जोडू देतो, म्हणून त्यात न टिकणारं काहीही शिरू शकतं. वाचनालयाला त्याची गरज नाही.

स्कॅनच्या चित्रांना ‘बी’ पातळी चालते, तिच्यात पान जसंच्या तसं दिसावं एवढीच अट असते. टाइप केलेल्या मजकुराला ‘यू’ पातळी घ्या, तिच्यात प्रत्येक अक्षराचा युनिकोड संकेत नोंदवावा लागतो. लिब्रेऑफिसमधून पीडीएफ/ए थेट काढता येते, स्कॅनसाठी ओसीआर-माय-पीडीएफ आहे, आणि झालेली फाइल वेरा-पीडीएफमध्ये तपासता येते. तिन्ही फुकट आहेत.

आमच्या संस्थेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका डीटीपीवाल्याकडे आहे. त्याने सीडी दिली, पण उघडल्यावर सगळं इंग्रजी अक्षरांचं काहीतरी दिसतं.

हा खानदेशातला सगळ्यांत तातडीचा प्रश्न आहे, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं.

युनिकोड रुळण्याआधी मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सी-डॅकचा योगेश अशा फॉन्टांत व्हायचं. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये मराठी नव्हतंच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं होती. फॉन्ट असेपर्यंत ती मराठी दिसायची. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर फाइल गेली की आतली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. शिवाय प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि एकाच कंपनीच्या दोन आवृत्त्यांतही कधी फरक.

अशी फाइल पीडीएफ/ए केली तरी रोग बरा होत नाही. फॉन्ट आत बसतो, पान सुंदर दिसतं, तपासणीही पास होऊ शकते, कारण संकेत नोंदवलेले असतात, पण ते इंग्रजी अक्षरांचे. त्यात ‘अमळनेर’ शोधा, सापडणार नाही. अंध वाचकाला स्क्रीन रीडर अर्थहीन अक्षरं वाचून दाखवेल.

म्हणून असं करा. ज्या यंत्रावर पेजमेकर आणि तो फॉन्ट दोन्ही आहेत ते चालू असतानाच प्रत्येक पानाची पीडीएफ काढून घ्या. हा दिसण्याचा पुरावा. मग मजकूर वेगळा काढून त्या विशिष्ट फॉन्टच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. फॉन्टचं नेमकं नाव आणि आवृत्ती लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या माणसाला अंदाज करत बसावं लागेल. शेवटी पीडीएफ शेजारी ठेवून माणसाकडून मुद्रितशोधन करून घ्या. रफार, ‘ट्र’, ‘श्र’, ‘दुसऱ्या’मधलं र, पहिली वेलांटी इथे कन्व्हर्टर हमखास घसरतात. मूळ पेजमेकर फाइलही फेकू नका. मुखपृष्ठ कोरल ड्रॉमध्ये असेल तर त्याचं टिफ किंवा पीडीएफ आत्ताच काढा.

आमची पीडीएफ युनिकोडमध्येच आहे, तरी शोध नीट लागत नाही. का?

पीडीएफ अक्षरांपेक्षा त्यांच्या आकृत्या कागदावर कुठे मांडायच्या ते जपते. देवनागरीत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढली जाते पण नंतर साठवली जाते, आणि जोडाक्षराची एक आकृती म्हणजे दोन-तीन अक्षरं असतात. उलट वाचताना हा क्रम बिघडतो. कॉपी केलेल्या मजकुरात वेलांटी भलत्या अक्षरावर दिसते ती यामुळे.

म्हणूनच मराठीत पीडीएफच्या सोबत मजकुराची स्वतंत्र फाइल हवीच. इंग्रजी संग्रहांचे नियम जसेच्या तसे उचलले तर ही गरज लक्षात येत नाही.

त्या मजकुरात एकवाक्यता ठेवा. ‘दुसऱ्या’ हा शब्द टंकताना पडद्यावर सारखा दिसूनही आत दोन प्रकारे साठू शकतो: एकदा ‘ऱ’ वापरून, एकदा साधं ‘र’ आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरून. ‘ॲ’ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीच्या फाइलींत ‘ऍ’ किंवा ‘अ’वर चंद्र दिलेला सापडतो. कोणतं रूप घ्यायचं ते एकदा ठरवा, तो नियम संग्रहातल्याच एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहा आणि टंकणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवा.

अहिराणी किंवा लेवा गणबोलीतल्या पुस्तकाचं ओसीआर करावं का?

करावं, पण त्यावर विसंबू नये. टेसरॅक्टसारखं ओसीआर प्रमाण मराठीच्या मजकुरावर शिकलेलं असतं आणि शंका आली की ओळखीच्या शब्दाकडे झुकतं. ‘डोया’चं ‘डोळा’ झालं, ‘शे’ कुठेतरी ‘आहे’च्या जवळच्या रूपात गेला, तर बोलीच पुसली गेली. जी गोष्ट जपायला बसलो तिचंच प्रमाणीकरण होतं. बोलीतल्या मजकुराचं मुद्रितशोधन ती बोली घरात बोलणाऱ्यानेच केलं पाहिजे, दुसऱ्या कुणी नाही. जुन्या अनुस्वारांनाही हाच नियम. नवं शुद्धलेखन लावू नका.

ईपबच्या माहितीत भाषेचा संकेत भरायचा असतो. तिथे सरसकट मराठीचा ‘एमआर’ लिहू नका. अहिराणीला आयएसओच्या यादीत स्वतःचा ‘एएचआर’ हा संकेत आहे, खानदेशीला ‘केएचएन’. उद्या कुणी अहिराणीतली सगळी पुस्तकं शोधायला निघालं तर याच तीन अक्षरांवर ती सापडतील.

ईपब कशासाठी?

मोबाइलवर वाचायला आणि मजकूर जपायला. ईपब म्हणजे आतून वेब पानांची झिप केलेली पुरचुंडी. वाचणारं ॲप नाहीसं झालं तरी ती उलगडून मजकूर काढता येतो. मानक आता डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेकडे आहे. पुस्तकात तक्ते, वंशावळी, पानाची खास मांडणी असेल तर सोबत पीडीएफ/ए असू द्या.

देजाव्हू आणि मोबी?

देजाव्हू हा स्कॅन केलेल्या पानांचा, मोबी हा किंडलच्या ई-पुस्तकांचा जुना फॉरमॅट. असलेल्या फाइली ठेवा, नव्या बनवू नका. इंटरनेट अर्काइव्हने देजाव्हू बनवणं २०१६ मध्ये थांबवलं. ॲमेझॉननेही किंडलवर पाठवायच्या फाइलींसाठी २०२२ पासून ईपब स्वीकारायला सुरुवात केली आणि मोबी मागे पडलं.

मोडी कागदांचं काय?

धुळ्यात १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळ आहे, समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं आहेत. मोडी आणि जुनी बाडं जपण्याची परंपरा आपल्या दारातच आहे, त्यामुळे हा प्रश्न इथे वारंवार येतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली. पण हस्तलिखिताच्या बाबतीत चित्र हेच मूळ. ते रंगीत घ्या, ४०० ते ६०० डीपीआय, बाजूला मोजपट्टी ठेवून. लिप्यंतर वेगळ्या टेक्स्ट फाइलमध्ये असू द्या, आणि लागलं नाही ते अक्षर अंदाजाने भरू नका, खूण करून जागा सोडा.

स्कॅनर नाही. मोबाइलने चालेल?

पान मोडकळीला आलं असेल तर वाट पाहण्यापेक्षा मोबाइल बरा. स्कॅनिंग ॲपची ‘सुधारणा’ बंद करा, मूळ फोटो ठेवा. आयफोन आपोआप हाइक फॉरमॅटमध्ये साठवतो, तो सेटिंगमध्ये बदलून घ्या. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर ते दाबले जातात.

फाइलींना नावं मराठीत द्यावीत का?

पुस्तकाचं नाव आत, माहितीच्या फाइलमध्ये देवनागरीत असू द्या. फाइलचं नाव मात्र रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडव्या रेघा एवढ्यातच बसवा: वाचनालयाचा संक्षेप, दाखल क्रमांक, चार आकड्यांत पान क्रमांक. मधे मोकळी जागा नको. प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल ठेवा. तिच्यात शीर्षक, लेखक, मुद्रणालय, साल, प्रत कुणाकडून मिळाली, कधी आणि किती डीपीआयवर स्कॅन झाली, कोणती पानं नाहीत, हे लिहा. मुद्रणालयाचं नाव विसरू नका. धुळे-जळगावच्या जुन्या छापखान्यांचा इतिहास पुढे त्यावरूनच लिहिता येईल.

साठवायचं कुठे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावात. तापीला पूर येतो, शॉर्ट सर्किट होतं, एकाच इमारतीत तिन्ही डिस्क ठेवण्यात अर्थ नाही. भुसावळ-जळगावचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात डिस्क ठेवू नका, आणि घरी लिहिलेल्या सीडींवर भरवसा तर अजिबात नको. पेनड्राइव्ह फक्त ने-आण करण्यासाठी.

प्रत्येक फाइलचा शा-२५६ प्रकारचा चेकसम (फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-संकेत) काढून यादी करा. वर्षातून एकदा पुन्हा काढून जुळवून पाहा. एक अक्षर जरी बिघडलं तरी तो जुळत नाही, आणि मग चांगल्या प्रतीवरून फाइल बदलून घेता येते. संस्थेची वार्षिक सभा असते त्याच महिन्यात हे काम लावून टाकलं की विसरलं जात नाही.

हे कायद्याने चालतं का?

भारतात लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं स्वामित्वहक्क असतो. साने गुरुजींचं निधन १९५० मध्ये झालं, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून खुलं आहे. निधनानंतर प्रथम छापलं गेलेलं लेखन असेल तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. बहिणाबाईंच्या कविता त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या, तो हिशेब असा लागतो. हक्क चालू असलेल्या पुस्तकाची छापील प्रत आपल्याकडे असेल, तर नफा न मिळवणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला ती जतनासाठी डिजिटल रूपात साठवायला २०१२च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये मुभा दिली आहे. ती मुभा साठवण्याची आहे, सगळ्यांसाठी इंटरनेटवर चढवण्याची नाही. त्यासाठी वारसांची लेखी परवानगी घ्या.

पैसे कमी, माणसं कमी. सुरुवात कुठून करावी?

जे दुसरीकडे कुठेच नसेल तिथून. पुण्या-मुंबईत छापलेल्या गाजलेल्या पुस्तकाची प्रत कुठे ना कुठे सापडेल. गावातल्या प्रेसवर छापलेली स्मरणिका, शाळेचा हस्तलिखित अंक, अहिराणी लग्नगीतांची पुस्तिका, पतसंस्थेच्या किंवा सूतगिरणीच्या इतिहासाचं पुस्तक यांची कदाचित तुमच्याकडचीच प्रत शेवटची असेल.

त्यातही कागदाच्या आधी डीटीपीच्या फाइली घ्या. नीट ठेवलेला कागद अजून काही वर्षं धीर धरेल, पण बस स्टँडजवळचा तो डीटीपीवाला जुना संगणक पुढच्या महिन्यात भंगारात काढेल. आजच त्याला फोन करा, हार्ड डिस्क मागून घ्या आणि कोणत्या फायलीला कोणता फॉन्ट होता ते त्याच्याकडूनच लिहून घ्या.